नात्याचा रकाना

बिभीषणला माणसं आधी कागदावर भेटतात आणि प्रत्यक्षात नंतर. आधी पासपोर्टची प्रत येते, मग फोटो, मग तिकडच्या पोलिसांचा दाखला, आणि दोन-तीन महिन्यांनी कधीतरी ते माणूस घामाघूम होऊन औरंगपुऱ्यातले दोन जिने चढून दारात उभं राहतं. तोवर त्याची जन्मतारीख बिभीषणला पाठ झालेली असते. खाली स्टेशनरीचं दुकान, मधल्या मजल्यावर शिकवणीचा वर्ग आणि सगळ्यांत वर ही संस्था. मेंढपाळ घरांतल्या बायकांसाठी काम करणारी, चार टेबलं आणि एक कूलर एवढाच पसारा. दरसाल एखाददुसरा परदेशी स्वयंसेवक ती बोलावून घेते. विमानाचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. राहणं, जेवण आणि 'या व्यक्तीची इथली संपूर्ण जबाबदारी आमची' ही लेखी हमी संस्थेची. ती हमी टाइप करणारा माणूस बिभीषण.

हुद्दा क्लार्कचा, पण कागदाच्या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. शहराचं नाव बदललं तेव्हा संस्थेची पाटी, शिक्का आणि लेटरहेड त्यानं आठ दिवसांत बदलून घेतलं, आणि जुनी लेटरहेडं पाठकोरी वापरायला काढली. अठरा वर्षांत त्याच्या एकाही अर्जावर कुणी लाल शाईची रेघ मारली नव्हती. हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचा आणि ऐकणाऱ्यानं मान डोलावली नाही तर पुन्हा सांगायचा.

त्याचं खरं वेड मात्र चौकशीचं. कोण, कुठलं, कामून आलं? पदरचं तिकीट काढून, हजारो मैलांवरून, फुकट राबायला माणूस येतंच कसं, हे कोडं काही त्याला उलगडत नव्हतं. आपल्याकडं सख्ख्या भाच्याला कामाला बोलावलं तरी तो आधी विचारतो, न्यायला गाडी येणार का. म्हणून प्रत्येक नव्या पाहुण्यापुढं चहाचा कप सरकवला की बिभीषणचा एकच प्रश्न असे, "निघताना घरचे काय म्हणाले?" एक फ्रेंच पोरगी म्हणाली, आई अजून बोलत नाही माझ्याशी. दातांची शिबिरं घ्यायला आलेले एक म्हातारे जपानी डॉक्टर म्हणाले, घरी म्हणायला कुणी उरलं नाही म्हणून तर आलो, आणि हसले. त्या दिवशी बिभीषणनं डबा तसाच परत नेला. उत्तरं जमत गेली तसतसा प्रश्न मोठाच होत गेला.

गेल्या मार्चमध्ये बेगिमाय आली. किर्गिझस्तानातल्या नारिनची, बेचाळीस वर्षांची, रुंद चेहऱ्याची, आणि हात असे की पैलवानानं मागून घ्यावेत. काश्मीरच्याही वर, चीनच्या कडेला तिचा मुलूख. डोंगर, थंडी आणि मेंढ्या. गरम पाण्यात लोकर थापून जाड नमदे करायचे, हा तिचा पिढीजात धंदा आणि तोच ती शिकवायची. मोनिकाताई म्हणजे संस्थेच्या सचिव. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "बिभीषण, यांच्या तर नावातच माय आहे." बिभीषणनं चहा दिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. ती फोनमध्ये आपल्या भाषेत बोलली आणि फोननं ते हिंदीत सांगितलं. घरी मी म्हणाले, तिकडं लोक लोकर फेकून देतात. कुणाचा विश्वास बसला नाही. लोकर फेकणारी माणसं कशी असतात, ते बघायला आले.

बिभीषणचा चेहरा पडला. तिनं पाहिलेला फोटो त्यानंच संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला होता: वेरूळकडच्या डोंगराशी, रस्त्याच्या कडेला पडलेला कातरलेल्या लोकरीचा ढीग. घोंगडी कुणी पांघरत नाही, लोकर कुणी घेत नाही, मग मेंढपाळानं ती नेऊन घालायची कुठं? बिभीषण स्वतः मेंढपाळाचाच पोरगा. बाप सोनाजीनं अर्धी मेंढरं विकून त्याला शाळेत घातलं आणि उरलेली थोरल्या कडूबाच्या हवाली केली. कडूबा अजून वाडीवर ती राखतो. बिभीषणनं मात्र जन्मात कातर हातात धरली नव्हती, आणि आता नारिनची बाई त्याला विचारत होती, फेकता का म्हणून. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली.

तिच्या राहण्याचा घोळ झाला. संस्थेनं पाहुण्यांसाठी घेतलेली खोली मालकानं ऐन वेळी काढून घेतली, तेव्हा बिभीषण म्हणाला, छावणीत माझ्या घरी वरची खोली आहे, तिथं राहू द्या. घर त्याच्या आईच्या, पुतळाबाईच्या नावावर. म्हातारी शहात्तर वर्षांची. कमरेत वाकलेली, जिभेनं सरळ. पाहुणी दारात उभी असतानाच तिनं मुलाला विचारलं, "ही किती दिस ऱ्हानार?"

"सहा महिने, माय."

"मंग ही पाव्हनी नाय. पाव्हनी तीन दिसाची. त्याच्या म्होरं घरात ऱ्हायचं आसंल तर नातं लागतं."

आणि सुकेशनीला, म्हणजे सुनेला, हाक मारून तिनं खण-नारळ मागवला, बेगिमायची ओटी भरली आणि जाहीर केलं, की आजपासून ही बिभीषणाची बहीण. बेगिमायनं नारळ कानाशी धरून हलवून पाहिला. बिभीषण हसला आणि विसरून गेला. पुतळाबाई विसरली नाही. "तुही बहीण जेवली का रं?" हे ती रोज विचारू लागली, आणि शेजारच्या मनकर्णाबाईलाही तिनं सांगून टाकलं, "माही लेक हाये, लांब दिली व्हती, आली." एवढ्या लांब कुणी लेक देतं का, हे मनकर्णाबाईनं मनातच ठेवलं असावं.

बिभीषणला तर पर्वणीच. कागदावरचं माणूस पहिल्यांदाच त्याच्या घरात भाकरी खात होतं. कांदा चिरताना बेगिमाय कांद्याला 'पियाज' म्हणाली तेव्हा तो उडालाच. मग चाय निघाली, नान निघाला, बाजार, दुकान, किताब. उच्चार थोडा वळलेला, पण शब्द तेच. निजामाच्या राज्यात आपल्या तोंडात बसलेले शब्द हिच्या डोंगरात कोणत्या वाटेनं गेले? की तिकडूनच निघून इकडं आले? पाठकोऱ्या लेटरहेडवर त्यानं यादी करायला घेतली, आणि सुकेशनी म्हणाली, "शब्द मोजता मोजता भाजीत मीठ टाकायचं राहिलं, ते कोण टाकनार?"

काम बजाजनगरात चाले. तिथल्या एका सभागृहात बारा जणी जमायच्या. घरचे पुरुष वाळूजच्या कंपन्यांत, आणि बायका माहेरी-सासरी लोकरीतच वाढलेल्या. चटईवर पिंजलेली लोकर पसरायची, साबणाचं कढत पाणी शिंपडायचं, चटईसकट गुंडाळी करायची आणि कोपरापासून हात टेकून तासभर लाटत बसायचं. पहिल्याच दिवशी पुतळाबाई रिक्षानं जाऊन बघून आली आणि म्हणाली, "ह्यो तर बुरणूस! आमच्या लहानपनी पिंजारी करायचे. ह्याला सातासमुद्रापलीकडून बाई कामून बोलावली?" पण पिंजाऱ्यांचं ते काम केव्हाच बंद पडलं होतं आणि शिकवायला आता कुणी उरलं नव्हतं. म्हातारी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

अडलं ते लोकरीपाशी. उन्हाळ्यातली लोकर धुळीनं, कुसळांनी भरलेली. नमदा व्हायचा आणि वाळला की फाटायचा. बेगिमाय मूठभर लोकर नाकाशी धरायची आणि मान हलवायची. पावसानं मेंढी धुऊन निघाली की मग कातरायची, ती लोकर मला द्या, असं तिचं म्हणणं. तेच कडूबाचंही होतं. पण ती कातरणी दसऱ्यानंतरची, आणि बेगिमायचा व्हिसा सप्टेंबरअखेर संपत होता. बारा जणींचे सहा महिने फाटक्या नमद्यांवर जाणार आणि एकही धड न करता शिकवणारी परत जाणार. बायका काकुळतीला आल्या. मोनिकाताईंनी तीन महिन्यांची मुदतवाढ मागायचं ठरवलं आणि अर्ज अर्थातच बिभीषणकडं आला.

आता इथं, अठरा वर्षांत ज्याला लाल शाई लागली नाही त्या माणसानं काय केलं ते ऐका. संध्याकाळी घरी लॅपटॉप उघडून तो अर्ज भरत होता. शेजारी पुतळाबाई तांदूळ निवडत बसलेली. नाव, गाव, पत्ता झाला आणि एक रकाना आला: परदेशी व्यक्तीचं यजमानाशी नातं. मोकळा सोडला तर अर्ज पुढं सरकेना. खाली निवडायला यादी होती: पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, इतर. बिभीषण थांबला.

"काय झालं?" म्हातारीनं विचारलं.

"इचारतंय, हिचं माह्याशी नातं काय."

"मंग लिही की बहीण."

"तसं नाय माय. इथं 'इतर' लिहायचं आसतं."

"इतर म्हंजे?"

"म्हंजे... परकं. कोनी नाय."

पुतळाबाईनं सूप खाली ठेवलं. वरच्या खोलीतून बेगिमायचं गाणं ऐकू येत होतं. "रोज माह्या ताटाला ताट लावून जेवती, अन् तू तिला परकं लिहितो? ओटी भरली ती काय फुकट?"

बिभीषणला माहीत होतं काय लिहायचं ते. अगदी पक्कं माहीत होतं. पण आई बघत असताना बेगिमायच्या नावापुढं 'इतर' निवडायला त्याचं बोट धजेना, आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही ते लिहावंसं वाटेना. त्यानं 'बहीण' निवडलं आणि अर्ज पाठवून दिला.

आठ दिवसांत परदेशी नागरिकांची नोंदणी होते त्या ऑफिसातून मोनिकाताईंना फोन आला. अर्जात खोटी माहिती आहे. यजमान, घरमालक आणि त्या बाई, तिघांनी समक्ष यावं. मोनिकाताईंनी अर्जाची प्रत बिभीषणच्या टेबलावर आणून ठेवली आणि 'बहीण' या शब्दावर बोट ठेवलं. व्हिसा संपायला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

अंमलदार तरुण होता, सभ्य होता. समोर दोन कागद ठेवून त्यानं विचारलं, "तुमच्या वडलांचं नाव सोनाजी. यांच्या वडलांचं नाव हे. देश वेगळा, धर्म वेगळा. मग या तुमच्या बहीण कशा?"

"मानलेली आहे, साहेब."

"सिस्टीममध्ये मानलेली नाही." त्यानं पेन टेबलावर ठेवलं. "हे बघा, मला तुमचा हेतू कळतो. पण हा अर्ज असा पुढं गेला तर नामंजूर होणार, आणि नऊ दिवसांत यांना देश सोडावा लागणार. त्यापेक्षा मुलानं आणि आजींनी एक जबाब द्या. नातं चुकून लिहिलं गेलं, सदर महिला आमची कोणीही लागत नाही. दोघांच्या सह्या झाल्या की मुदतवाढ आजच करून देतो."

बिभीषणचा जीव भांड्यात पडला. पेन घेतलंही त्यानं. पण पुतळाबाईनं हात मागं ओढून घेतला.

"मी नाय करनार सही."

"माय, जे खरं तेच लिहायचंय."

"खरं ते तू आधीच लिहिलं व्हतं. सहा महिने माहे पाय चेपले हिनं. अन् आता सरकारी कागदावर लिहून देऊ व्हय, ही माही कोनी नाय म्हनून? मेल्यावर देवाला काय तोंड दावू?"

"आजी, नाहीतर त्या इथं राहू शकणार नाहीत," अंमलदार म्हणाला.

"न्या मंग तिला तुमी. पन मी खोटं लिहून देनार नाय."

अंमलदारानं घड्याळाकडं पाहिलं आणि सांगितलं, की तो दीडला जेवायला उठेल आणि दुपारी त्याला दुसरीकडं जायचंय, तोवर ठरवा. तिघं बाहेरच्या बाकावर येऊन बसली. बिभीषणनं आईला समजावलं, चिडला, हात जोडले. कागद नुसता कागद असतो म्हणाला, आणि आपणच हे म्हणतोय याचं त्याला आश्चर्य वाटलं. म्हातारी जागची हलेना. बारा बायका, दसऱ्यानंतरची लोकर, सगळं तिला ठाऊक होतं. डोळे भरून आले होते, तरी मान नकारार्थीच हलत होती.

मधे बसलेल्या बेगिमायला एवढंच कळत होतं, की भांडण आपल्यावरून आहे. तिनं फोन बिभीषणच्या तोंडापुढं धरला. आता काय सांगायचं? त्यानं हिंदीत सांगून टाकलं: तू आमची कोणी नाहीस असं लिहून दिलं तर तू राहशील. पण आई ते लिहून द्यायला तयार नाही.

बेगिमायनं ते दोनदा ऐकलं. मग ती हसली आणि फोनशी बराच वेळ बोलत राहिली. फोन मोडक्यातोडक्या हिंदीत एकेक वाक्य सांगत गेला आणि बिभीषण आईला मराठीत. तिच्या आईची दोन मुलं तान्ही असतानाच गेली होती. तिसरा झाला तेव्हा एका म्हाताऱ्या शेजारणीनं त्याला खिडकीतून बाहेर घेतलं आणि आपल्या घरी नेलं. आई दारात उभी राहून सगळ्यांना सांगत राहिली, मला मूल नाही, ते माझं नाही. मग एक रोटी देऊन तिनं तो शेजारणीकडून विकत घेतला. त्याचं नावच सातिबाल्दी, म्हणजे विकत घेतलेला. आता तो ट्रक चालवतो आणि लई जेवतो.

पुतळाबाईनं पदर तोंडाशी नेला.

"आमचा कडूबा," ती म्हणाली.

"काय कडूबाचं?" बिभीषणनं विचारलं.

"त्याच्या आधीचे दोन गेले माहे. बाराव्या दिसापोतर बी ऱ्हायले नाय. सटवाई न्यायची. मंग ह्यो झाला तव्हा त्याला सुपात घातला अन् उकिरड्यावर नेऊन ठिवला. शेजारच्या दगडाबाईनं उचलला. इचारलं तिनं, कुनाचं हाये गं हे लेकरू? मी तिथंच उभी. वली बाळंतीन. म्हनले, म्हाईत नाय, माहं नाय. चार डाव म्हनायला लावलं तिनं. मंग मूठभर बाजरी दिऊन तिच्याकून घेतला, अन् नाव ठिवलं कडूबा. कडू चीज कुनी खात नाय. सटवाईनं आयकलं, हे हिचं नाय. गेली निघून."

जगातल्या माणसांना बिभीषण विचारत सुटला होता, घरचे काय म्हणाले, कामून आलात. आणि स्वतःच्या थोरल्या भावाचं नाव असं का ठेवलं, हे एक्कावन्न वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्याला वाटत होतं, आडगावातलं नाव, असतं तसंच.

बेगिमायनं पुतळाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. कोण कोणाला काय समजावत होतं कुणास ठाऊक. फोन तर खाली बाकावर पडला होता. सव्वा वाजला. पुतळाबाईनं डोळे पुसले आणि काठी टेकून उठली.

"चल," ती मुलाला म्हणाली. "लिही. ही आमची कोनी नाय."

आत जबाब टाइप झाला. अंमलदारानं तो बिभीषणच्या हातात दिला आणि नियमाप्रमाणे म्हणाला, आजींना वाचून दाखवा, मग सही घ्या. बिभीषणनं वाचायला सुरुवात केली. अठरा वर्षांत शेकडो कागद त्यानं असे वाचले होते, पण 'सदर महिला' इथपर्यंत येऊन तो अडखळला. पुढचं वाक्य तो कसंबसं पुटपुटला.

"असं नगं," पुतळाबाई म्हणाली. "मोठ्यानं वाच. तिला आयकू गेलं पायजे."

"कुणाला, आजी?" अंमलदारानं विचारलं. "हाये एक, लेकरं नेनारी," ती म्हणाली.

बिभीषण खुर्चीवरून उठला, आणि मजल्यावरच्या सगळ्या टेबलांवरच्या माना वर होतील अशा आवाजात त्यानं वाचलं, की ही बाई आमची कोणीही लागत नाही.